जात्यावरील आत्मविद्या

भाविकहो, जीव कोण आणि त्याला हाक तरी कशी मारावी, हा विचार फार जुना. कठोपनिषदाने जीवाला देहरूपी रथातला धनी म्हटले. आचार्यांच्या नावावरील स्तोत्राने त्याला मूढ म्हणून दटावले. समर्थांनी मनाला सज्जन म्हणून चुचकारले. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या जनाबाईने मात्र जीव थेट जात्यापाशी आणला.

गोदाकाठचे गंगाखेड हे तिचे गाव. दमा आणि करुंड हे तिचे मायबाप, विठ्ठलाचे भक्त. लेकरू असतानाच ती पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवरायांच्या त्या घरात जन्मभर राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या. हातांना उसंत म्हणून नाही. तरी गाथेत तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांत ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते.

आम्ही पाठशाळेत जीवब्रह्मैक्य घोकले. त्याचा ताठाही होता. एकदा गंगाखेडास कीर्तनात आम्ही तासभर अवच्छेदवाद आणि प्रतिबिंबवाद सोडवीत बसलो. शेवटी एक म्हातारी पाया पडली आणि विचारू लागली, की बुवा, दिवसभर हातात काम, मग मी आत्म्याकडे बघू कधी? आम्हांस उत्तर सुचेना. खोटे कशाला सांगावे, त्या रात्री झोप आली नाही. जनाबाईचे अभंग काढून बसलो.

तिथे उत्तर होतेच. एका अभंगात तिने जीव आणि शिव हे जात्याचे दोन खुंटे केले आहेत, आणि दळू लागायला विठ्ठलालाच बोलाविले आहे. ज्यांनी मोठे जाते पाहिले त्यांस हे सांगणे नलगे. दोघी समोरासमोर बसतात, दोन खुंटे धरतात. पण फिरते ती तळी एकच. आम्हांस ज्याला दोन वाद लागले, ते तिने दळता दळता दाखविले. काम टाकून आत्म्याकडे बघायचे नाही. ज्या कामात हात आहे, त्याच कामाच्या दुसऱ्या खुंट्याला तो आहे.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५०, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी महाद्वारी समाधी घेतली. जनाबाईही त्यांच्याबरोबरच गेली, असे परंपरा सांगते. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून जाते दाखवितात.

आता घरोघरी जाते नाही, गिरणी आली. पण राबणारे हात तेच आहेत. ती म्हातारी आम्हांस पुन्हा भेटली नाही. तिचे देणे आमच्याकडे राहिले आहे. वारकरीहो, वाटेत अशी कोणी माउली भेटली, तर आमच्या वतीने हे उत्तर तिला पोचते करावे. रामकृष्णहरि.