फुले मांडणाऱ्या स्प्रायबाई

गोव्यातील पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी तुये नावाचे गाव आहे. माझी धाकटी बहीण तेथे दिलेली आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. सजावट बाहेरगावच्या एका सजावटकाराने केली होती आणि ती दिसतही झकास होती. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला, तेव्हा मागच्या अंगणात हिरव्या, विटेएवढ्या ठोकळ्यांचा ढीग उरला. फुलांचे देठ खोचण्यासाठी हल्ली पाणी पिणारा फोम वापरतात, तो हा. विहीणबाईंनी तो सुकल्या फुलांबरोबर माडांच्या आळ्यांत घालायला सांगितला. हा कुजत नाही, नुसता चुरा होऊन मातीत आणि पुढे नदीत जातो, हे मी सांगताच त्यांनी कपाळाला हात लावला. आता येत्या वैशाखात धाकटीचे लग्न आहे. विहीणबाई म्हणतात, माटव पूर्वीसारखा घरच्या घरी सजवा; भाची म्हणते, तसे केले तर लग्न गरिबाघरचे दिसेल. तिची समजूत घालण्याचे काम मामाकडे आले. उपदेशापेक्षा गोष्ट बरी, म्हणून कॉन्स्टन्स स्प्राय या इंग्रज बाईंची हकीकत मी तिला लिहून पाठविली. तीच थोडी वाढवून वाचकांपुढे ठेवतो.

बाईंचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी इंग्लंडातील डार्बी गावी झाला. वडील जॉर्ज फ्लेचर रेल्वेतले कारकून. शिकून शिक्षणखात्यात वर चढले आणि कुटुंबासह आयर्लंडात गेले. मुलगी आरोग्यशास्त्र आणि परिचर्या शिकली आणि खेडोपाडी क्षयरोगावर व्याख्याने देत हिंडली. १९१० साली एका कोळशाच्या खाणीच्या व्यवस्थापकाशी तिचे लग्न झाले. नवरा मारहाण करणारा निघाला. १९१६ साली लहान मुलाला घेऊन ती इंग्लंडात निघून आली. त्या काळी नवऱ्याचे घर सोडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. पुढे ज्यांचे आडनाव लावून त्या जन्मभर वावरल्या, त्या हेन्री स्प्राय यांच्याशीही त्यांचा रीतसर विवाह कधी झालाच नव्हता. राजघराण्यांच्या लग्नांत फुले मांडणाऱ्या बाईंच्या कपाळी असे यावे, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

फुलांची खरी सुरुवात मात्र राजवाड्यात झाली नाही. १९२१ साली त्या पूर्व लंडनच्या हॅकनी भागातील एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. कारखान्यात काम करणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी तेथे काही वेळ शिकायला येत. स्वयंपाक, शिवण यांच्या जोडीला बाईंनी त्यांना फुले मांडायला शिकविले. त्या पोरींच्या घरी फुलदाणी कोठली असणार? जे भांडे हाताशी आहे त्यात, आणि जे कुंपणाला उगवते त्याने घर सजवायचे, हा धडा येथे तयार झाला. बाईंचे पुढचे सारे यश याच धड्याचे आहे, असे माझे मत आहे.

१९२९ च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी लंडनमध्ये लहानसे दुकान काढले. बाँड स्ट्रीटवरील एका अत्तराच्या पेढीच्या खिडक्या सजविण्याचे काम त्यांना मिळाले, तेव्हा त्यांनी महागड्या फुलांबरोबर कुंपणावरचे रानवेल आणि रानफुले मांडली. बघ्यांची गर्दी लोटली. कोबीच्या जातीची कुरळी पाने, गवताचे तुरे, शेवाळ धरलेल्या काटक्या, बोंडे, फळे यांतले त्यांनी काहीही वर्ज्य मानले नाही. भांडीही तशीच : रश्श्याचे वाडगे, केक भाजायचे पत्रे, जुने पक्ष्यांचे पिंजरे. या असल्या भांड्यांत देठ उभे कसे राहत? तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी बाई बोळा करून भांड्यात बसवीत. बोळ्याला आत दोन-तीन थर पडतात. देठ वरच्या भोकातून शिरतो, खालच्यात अडकतो आणि हवा तसा वाकून राहतो. भांड्यात साधे पाणी. फूल पाणी पिते, कमी झाले की वरून घालावे. काम झाल्यावर जाळी धुवावी, वाळवावी आणि पुढच्या वेळेस काढावी.

हे वाचताना मला तुयेचीच आठवण होत होती. पेडणे-डिचोलीकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट तीच, वर्षानुवर्षे जपलेली. तिला नारळ, सुपारीचे घड, लालभडक कवंडाळे, घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने असा रानातला माल टांगायचा आणि बांधायला झाडाच्या सालीचा दोर. उत्सव संपला की चौकट परत जागेवर आणि बाकीचे मातीत. लग्नाच्या माटवाला केळीचे खांब, आंब्याचे टाळे, माडाची झावळे. अबोलीचा वळेसर केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफलेला. हॅकनीच्या पोरींना जे शिकवावे लागले, ते येथे आजीकडून नातीकडे आपोआप येत होते. भाचीला मी एवढेच लिहिले, की माळ्यावरचे घंगाळ, परात आणि मासळीच्या जुन्या पाट्या उतरवून घास आणि दोन वाव जाळी आण.

बाई संत नव्हत्या. १९३४ साली दुकान मेफेअरच्या श्रीमंत वस्तीत गेले. हाताखाली सत्तरएक माणसे होती आणि बिले गरिबाला झेपणारी नव्हती. पांढऱ्या फुलांची जी खर्चिक टूम त्या दशकात निघाली, तिच्यातही त्यांचा वाटा होता. पण पाठीला कणा होता. १९३७ साली राजपद सोडलेल्या विंडसरच्या ड्यूकचे सिम्प्सनबाईंशी फ्रान्समध्ये लग्न ठरले. इंग्लंडचा राजदरबार या लग्नावर रुष्ट होता. बाई तरी गेल्या आणि कांदे येथील तो वाडा त्यांनी फुलांनी भरून टाकला. परत आल्यावर राजघराण्याची कामे काही काळ बंद झाली. युद्धकाळात त्यांनी लोकांना परसातल्या भाज्या लावायला आणि रांधायला शिकविले. १९४६ साली विंडसरजवळ रोझमेरी ह्यूम यांच्यासह मुलींसाठी गृहशिक्षणाची शाळा काढली.

२ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीतील आणि मिरवणुकीच्या वाटेवरील फुले बाईंकडे सोपविली होती. संस्थानी थाट पाहिलेल्या आपल्या गावाला त्या कामाचा व्याप समजेल. परदेशी पाहुण्यांचे जेवण त्यांच्या शाळेतील मुलींनी केले; त्यातील कोंबडीचा थंड पदार्थ, थोड्या आपल्याकडच्या करीच्या मसाल्याचा, पुढे प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः ह्यूमबाईंच्या हातचा.

दुसऱ्याच वर्षी, १९५४ साली, अमेरिकेतील ओहायोत व्हर्नन स्मिदर्स यांनी फुलांसाठी हा पाणी धरणारा फोम काढला. काम सोपे आणि झटपट झाले, नेणे-आणणे निर्धास्त झाले, आणि जगभर जाळीचा बोळा करण्याची कला मागे पडली. तो ठोकळा प्लास्टिकचाच प्रकार असून त्याचे सूक्ष्म कण पाण्यातील जीव खातात, हे अलीकडच्या संशोधनातून दिसले. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. तेव्हा तेथील माळणी पुन्हा खुराड्याची जाळी शोधू लागल्या.

स्प्रायबाई ३ जानेवारी १९६० रोजी, जिन्यावर पाय घसरून पडल्याने, वारल्या. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांच्यावर प्रदर्शन भरविले, तेव्हा फुले मांडणे हे काही खरे डिझाइन नव्हे अशा वादातून संस्थेचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनी राजीनामा दिला. आमच्या विहीणबाईंना हे कळले तर त्या काय म्हणतील, ते मी येथे लिहीत नाही. बाईंना जुन्या जातींच्या गुलाबांचे वेड होते. बाजारातून गेलेली वाणे त्यांनी मिळवून जोपासली. १९६१ साली डेव्हिड ऑस्टिन यांनी आपला पहिला नवा गुलाब विक्रीस आणला, त्याला बाईंचे नाव दिले. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे ते फूल वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीस येते.