टेरीस लॅसर : स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सहजीवनावर बोलणारी कार्यकर्ती

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला तिच्याच अनुभवातून गेलेली दुसरी स्त्री भेटायला येते, ही पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे. तिची सुरुवात अमेरिकेतील टेरीस लॅसर यांनी केली. त्यांचे पती जे. के. लॅसर हे आयकरावरील पुस्तकांमुळे तिथे घराघरांत माहीत असलेले लेखक होते.

गाठ तपासायला गेल्या आणि...

1952 साली टेरीस यांच्या स्तनात गाठ आढळली. त्या काळी तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच वेळी उरकत. रुग्णाला भूल देऊन गाठीचा तुकडा काढायचा, तो लगेच तपासायचा आणि कर्करोग निघाला तर ती शुद्धीवर येण्याआधीच स्तन काढून टाकायचा. टेरीस यांच्याबाबतीत हेच घडले.

ही शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली होती. तिच्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात. त्यामुळे छाती खोलगट दिसे, हात वर जात नसे आणि अनेकींच्या हाताला कायमची सूज येई.

उत्तर न मिळालेले प्रश्न

टेरीस यांचे प्रश्न साधे होते. हात पुन्हा नीट हलेल का? कपडे कोणते घालायचे? पतीसोबतचे शरीरसंबंध पुन्हा कधी सुरू करता येतील? डॉक्टरांकडे यांची उत्तरे नव्हती. कर्करोग काढला, जीव वाचला, म्हणजे काम संपले, अशी तेव्हाची समजूत होती. स्तन हा शब्दही चारचौघांत उच्चारला जात नसे, मग शरीरसंबंधांची गोष्टच दूर.

उत्तरे त्यांनी स्वतः शोधली आणि मग त्या इतर रुग्णांना भेटू लागल्या. सोबत तात्पुरता कृत्रिम स्तन, हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी आणि माहितीची पुस्तिका असे. अंगासरशी बसणारे कपडे घालून त्या जात, म्हणजे आपला कोणता स्तन काढला आहे हे समोरचीला ओळखता येत नाही, हे तिला प्रत्यक्ष दिसे. शरीरसंबंधांबद्दल त्या मोकळेपणाने बोलत. पतीशी काय बोलावे आणि पतीने काय समजून घ्यावे, हाही या कामाचा भाग होता. या उपक्रमाचे नाव ‘रीच टू रिकव्हरी’.

विरोध आणि मान्यता

बऱ्याच शल्यविशारदांना ही ढवळाढवळ वाटली. काही ठिकाणी त्यांना रुग्णांना भेटायला बंदी झाली. तरीही मागणी वाढत गेली आणि 1969 मध्ये ‘अमेरिकन कॅन्सर सोसायटी’ने उपक्रम आपल्याकडे घेतला. मात्र स्वयंसेविकांनी डॉक्टरांच्या परवानगीनेच जायचे आणि उपचारांवर मत द्यायचे नाही, असा नियम होता.

टीका दुसऱ्या बाजूनेही झाली. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी 1980 च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात कृत्रिम स्तनाच्या आग्रहावरच बोट ठेवले. गेलेला स्तन लपवायला शिकवले, तर स्त्री आपल्या बदललेल्या शरीराकडे पाहणार कधी, असा त्यांचा मुद्दा होता. या टीकेत तथ्य होते. टेरीस यांचा सारा भर पूर्वीसारखे दिसण्यावर होता. पूर्वीसारखे वाटत नसेल तर काय, हा प्रश्न त्यात मागे पडला.

आज काय सांगितले जाते?

टेरीस लॅसर 1979 मध्ये वारल्या. आता पुष्कळ रुग्णांचा स्तन वाचवता येतो. पण केमोथेरपी आणि हार्मोन्सवरील औषधांमुळे पाळी अकाली थांबू शकते, योनीत कोरडेपणा येतो, संबंधांच्या वेळी दुखते, इच्छा कमी होते. हे उपचारांचे परिणाम आहेत. यात पत्नीचा दोष नाही आणि ते प्रेम आटल्याचे लक्षणही नाही.

कोरडेपणावर हार्मोनविरहित मॉइश्चरायझर नियमित आणि संबंधांच्या वेळी वंगण जेल वापरता येते. इस्ट्रोजेनचे मलम मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून गर्भनिरोधनाबद्दल विचारावे. स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोनच्या गोळ्या सहसा टाळल्या जातात. स्पर्शाने किंवा शरीरसंबंधांनी कर्करोग जोडीदाराला होत नाही. लगेच संबंध नको वाटले, तर जवळ बसणे, कुशीत घेणे यापासून सुरुवात करता येते.

डॉक्टर हा विषय आपणहून काढतीलच असे नाही. पुढच्या तपासणीला जाताना इतर शंकांसोबत हा प्रश्नही कागदावर लिहून न्यावा आणि शक्य असल्यास जोडीदाराला सोबत न्यावे.