गाल्ली-कुर्चींचा गळा : एका गलगंडाची कहाणी

गायकाचा गळा बिघडला की दोष कुणाचा, हा प्रश्न संगीताइतकाच जुना आहे. वय, रियाजाचा अतिरेक, हवामान, दृष्ट असे अनेक आरोपी त्यासाठी उभे केले जातात. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉईड ग्रंथीकडे मात्र सहसा उशिरा लक्ष जाते. इटालियन गायिका आमेलिता गाल्ली-कुर्ची यांचे जीवन या उशिराचे ठळक उदाहरण ठरले.

त्यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1882 रोजी मिलान येथे झाला. त्यांचे औपचारिक शिक्षण पियानोचे होते. मिलानच्या संगीत विद्यालयात त्यांनी त्यात प्रावीण्य मिळवले. गायनाकडे वळण्यास संगीतकार मास्कान्यी यांचे प्रोत्साहन कारणीभूत ठरले आणि पुढचे बरेचसे गायन त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने साधले. 1906 मध्ये त्रानी या गावी व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या संगीतिकेत जिल्डाच्या भूमिकेतून त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले. 18 नोव्हेंबर 1916 रोजी, स्वतःच्या चौतिसाव्या वाढदिवशी, त्याच भूमिकेतून त्या शिकागोत गायल्या. मोजक्याच प्रयोगांसाठी आलेल्या या अपरिचित गायिकेला तेथील रसिकांनी डोक्यावर घेतले आणि तिचा मुक्काम लांबला. तार सप्तकात लीलया फिरणारा त्यांचा स्वर ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचला. 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांचे स्वागत केले. भारताशीही त्यांचे एक नाते जुळले. परमहंस योगानंदांच्या ‘व्हिस्पर्स फ्रॉम इटर्निटी’ या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली होती.

कीर्तीच्या या काळातच त्यांच्या गळ्यात गलगंड वाढत होता. थायरॉईड ग्रंथीची वाढ सावकाश होते, ती दुखत नाही, म्हणून माणूस तिच्याशी जुळवून घेतो. ग्रंथी मोठी झाली की श्वासनलिका दबते किंवा एका बाजूला सरकते. आवंढा गिळताना अडखळल्यासारखे वाटते, आडवे झाल्यावर श्वास कोंडतो आणि लांब तान घेण्यास लागणारा दम अपुरा पडू लागतो. सामान्य माणसाला जे किंचित जाणवते, ते गायकाच्या बाबतीत स्वर ढळण्यातून उघडे पडते. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात गाल्ली-कुर्चींचा स्वर नेमका लागत नाही, अशी टीका होऊ लागली. 1930 मध्ये त्यांनी मेट्रोपॉलिटनचा निरोप घेतला. मैफलींचे दौरे मात्र त्यांनी चालूच ठेवले.

अखेर 1935 मध्ये शिकागोत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती पूर्ण भूल न देता, केवळ जागा बधिर करून करण्यात आली. 24 नोव्हेंबर 1936 रोजी त्या शिकागोच्या रंगमंचावर ‘ला बोएम’ मधील मिमीच्या भूमिकेत परतल्या. परंतु पूर्वीचा स्वर परतला नव्हता. त्यानंतर संगीतिकेच्या रंगमंचावर त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. पुढील आयुष्य त्यांनी कॅलिफोर्नियात व्यतीत केले, शिष्यांना गायन शिकवले आणि 26 नोव्हेंबर 1963 रोजी ला होया येथे त्यांचे निधन झाले.

वैद्यकीय वर्तुळात या घटनेची एक दंतकथा झाली. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपैकी एक बारीक शाखा थायरॉईडच्या वरच्या टोकाजवळून जाते. स्वरतंतूंना ताण देऊन उंच स्वर काढणारा स्नायू तिच्या हुकमतीत असतो. ही शाखा दुखावली तर बोलणे जवळपास पूर्ववत राहते, पण तार सप्तक हरपते. शल्यचिकित्सकाच्या हातून नेमके हेच घडले आणि जगाने एक स्वर गमावला, असे शल्यविद्येच्या पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले गेले. या तंतूला गाल्ली-कुर्चींचेच नाव चिकटले.

2001 मध्ये दोन अभ्यासकांनी त्या काळच्या वृत्तपत्रांतील परीक्षणे तपासली, शल्यचिकित्सकाच्या नातलगांशी बोलणी केली आणि या कथेला फारसा आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. शस्त्रक्रियेनंतरही त्या अवघड रचना गात होत्या, त्यांचा बोलण्याचा आवाज शाबूत होता आणि शल्यचिकित्सकाच्या कुटुंबाशी त्यांचा जवळचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. स्वराची घसरण शस्त्रक्रियेच्या आधीपासूनची होती. वाढते वय, दीर्घकाळ दबलेली श्वासनलिका आणि कदाचित थायरॉईडच्या रसाची कमतरता ही कारणे त्यांना अधिक संभाव्य वाटली. या कमतरतेत ऊती सुजतात, स्वरतंतू जड होतात आणि आवाज घोगरा व खालचा होतो.

अन्याय झाला असेल तर तो त्या शल्यचिकित्सकावर. तरीही ही दंतकथा निष्फळ ठरली नाही. तिच्यामुळे तो बारीक तंतू शोधून जपण्याची शिस्त शस्त्रक्रियागृहात रुजण्यास हातभार लागला आणि त्याचा लाभ असंख्य रुग्णांना झाला. मात्र तिच्यामुळे एक गैरसमजही बळावला, तो म्हणजे गळ्याला खरा धोका सुरीपासूनच असतो. त्या भीतीपोटी गाठ वर्षानुवर्षे वाढू दिली, तर गाल्ली-कुर्चींच्या बाबतीत बहुधा जे घडले तेच पुन्हा घडते.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचा वारसा सांगणाऱ्या गोमंतकाला गळ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण गळा केवळ गायकालाच असतो असे नाही. भोपाळच्या अवधपुरीतील शिक्षिका असो वा फोंड्यातील कीर्तनकार, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, गिळताना अडथळा जाणवत असेल किंवा मानेवर फुगवटा दिसत असेल, तर रक्ततपासणी, मानेची सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून स्वरतंतूंची तपासणी यांतून बहुतेक वेळा कारण हाती लागते. गाल्ली-कुर्चींच्या काळी सोनोग्राफी नव्हती आणि थायरॉईडच्या रसाचे प्रमाण रक्तात अचूक मोजण्याची सोयही नव्हती. आज दोन्ही आहेत. उशीर करण्यासाठी तेवढे निमित्त आता उरलेले नाही.