टीबीमुळे गाणं बंद झालं, आणि खाटेवर पडून ऐकलेल्या लोकगीतांतून कुमार गंधर्वांना नवे राग सापडले

३० जानेवारी १९४८. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तो दिवस. त्याच दिवशी मध्य भारतातल्या देवास नावाच्या छोट्या गावात एक आजारी गायक राहायला आला. वय वर्षं २३. रोग होता क्षय, म्हणजे टीबी. कोरड्या हवेत राहायचं, आराम करायचा आणि गाणं पूर्ण बंद, असा डॉक्टरांचा आदेश होता.

त्या काळात टीबी झाला म्हणजे माणूस गेल्यातच जमा असायचा. आणि इथे तर फुप्फुसाच्या जोरावर पोट भरणारा गवई होता.

हा गवई म्हणजे कुमार गंधर्व.

त्यांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावातला. घरची भाषा कन्नड. या पोराची गंमत अशी होती की मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ताना, हरकती, सगळं तसंच. लहान वयातच एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव झालं.

पण नक्कल म्हणजे गाणं नव्हे. त्यासाठी तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर एका घराण्याला चिकटून बसणारे नव्हते. चांगलं दिसेल तिथून घ्यायचं, हा त्यांचा खाक्या. कुमारजी तिथे शिकले आणि पुढे शिकवूही लागले. त्यांच्या मैफली गाजत होत्या. १९४७ मध्ये त्यांचं भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं. सगळं सुरळीत होतं आणि तेवढ्यात टीबीने गाठलं.

मग देवास का?

माळव्यातली कोरडी हवा हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे हे गाव मराठी माणसाला परकं नव्हतं. इथे पवार घराण्याची चक्क दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, तीही एकाच गावात. शेजारच्या इंदूरमध्येही मराठी कुटुंबं आणि गाण्याचे दर्दी पुष्कळ होते.

भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली. घर चालवायचं आणि नवऱ्याची शुश्रूषाही करायची, अशा दोन्ही आघाड्या त्यांनी सांभाळल्या. कुमारजी खाटेवर पडून. गायचं नाही, मोठ्याने बोलायचंही नाही. उरलं काय, तर ऐकणं.

आणि ऐकायला होतं माळव्याचं गाणं.

लग्नाच्या घरी बायका गात जायच्या. बाळ जन्मलं की गाणं, पाऊस आला की गाणं. विदर्भात जशा मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तशी माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि तिची गाणी म्हणतात. दारावरून नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं गात जायचे. यातल्या कुणीच संगीताचं शिक्षण घेतलेलं नव्हतं.

कुमारजींच्या कानाने एक गोष्ट टिपली. ही गाणी बहुतेकदा चार-पाच सुरांतच फिरतात. पण त्या थोड्या सुरांचं चालणं पक्कं असतं. कुठे थांबायचं, कुठला सूर हलका लावायचा, कुठून वळायचं, हे सगळं ठरलेलं. मग रागात तरी वेगळं काय असतं?

रागाचा आरोह-अवरोह असतो, मुख्य सूर असतात, सुरांची ठरलेली वाट असते. ही वाट पुस्तकात तयार झाली नाही, ती आधी लोकांच्या गळ्यात होती, असं त्यांचं मत बनत गेलं. लोकधुनीत राग बीजरूपाने असतो आणि बी ओळखता आलं तर झाड वाढवता येतं.

इकडे टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं होतं. त्याचा कुमारजींना गुण आला. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं होतं, पण जीव वाचला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

लोकांनी ऐकलं ते गाणं मात्र वेगळंच होतं. लांबलचक दमसास दाखवण्यापेक्षा छोटे, धारदार स्वरसमूह आणि मध्ये बोलकी शांतता.

पुढच्या काळात त्यांनी माळव्याच्या शेकडो लोकधुना जमवल्या, त्यांचं स्वरलेखन केलं. त्यातून जे राग उभे राहिले त्यांना ‘धुनउगम राग’ म्हणतात. म्हणजे धुनीतून उगवलेले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसूरजा, निंदियारी ही त्यातली काही नावं. दोन जुने राग जोडून तिसरा करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. कुमारजींची भूमिका वेगळी होती. राग आपण बनवला नाही, तो धुनीत होताच, आपल्याला फक्त दिसला, असं ते मानत. हे राग आणि त्यांच्या बंदिशी १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात आल्या.

यावर वाद होणारच होता. घराण्याची शिस्त मानणाऱ्यांना हे पटेना. गावच्या बायकांच्या गाण्याला रागाचा दर्जा कसा द्यायचा? आणि ज्याला घराणंच नाही त्याचं गाणं शास्त्रीय तरी कसं म्हणायचं?

कुमारजी मागे हटले नाहीत. त्यांनी मूळ लोकगीतंच मैफलीत आणली. ‘मालवा की लोकधुनें’ हा अख्खा कार्यक्रम त्यावर केला. ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ अशा ऋतूंवरच्या कार्यक्रमांत लोकगीत आणि बंदिश एकाच पंगतीला बसवली. नाथपंथी जोग्यांकडून ऐकलेला कबीर त्यांनी असा गायला की पुढे निर्गुणी भजन म्हटलं की आधी त्यांचंच नाव येऊ लागलं.

घरात मात्र दुःख थांबलं नव्हतं. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मावेळी भानुमतीबाई गेल्या. पुढच्या वर्षी कुमारजींनी देवधरांच्याच शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. मैफलीत त्यांची साथ शेवटपर्यंत राहिली. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि मुलगी कलापिनी कोमकली यांनी हे गाणं पुढे नेलं.

१९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासमध्येच त्यांचं निधन झालं. हवापालट म्हणून आलेला माणूस ४४ वर्षं तिथेच राहिला होता.

आज मालवती गाणाऱ्याला कुमार गंधर्व हे नाव माहीत असतं. ज्या बायकांच्या गळ्यात ती धून पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्यांची नावं मात्र रसिकांना ठाऊक नाहीत. लोकसंगीताचं हे नेहमीचंच दुखणं आहे.

आणि ते फक्त माळव्याचं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून भाविक येतात. गोंडी गाणी आणि ढोलांच्या तालावर डोंगर जागा असतो. बाहेरच्या पाहुण्याला तो यात्रेचा गोंगाट वाटतो आणि तो मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून पुढे निघतो.

कुमारजींनाही माळव्याचं गाणं एका दिवसात कळलं नव्हतं. त्यासाठी त्यांना काही वर्षं स्वतःचं गाणं थांबवून दुसऱ्याचं ऐकावं लागलं होतं.