सेथ लव्हर व त्यांचें 'हमबकर'

गेल्या स्नेहसंमेलनाच्या रात्रीं एक विद्यार्थी इलेक्ट्रिक गिटार घेऊन रंगमंचावर आला, तेव्हां गाणें सुरू होण्यापूर्वींच सभागृहांत एक घोगरी, संथ गुणगुण भरून राहिली होती, हें कित्येक पालकांस आठवत असेल. तारांस बोट लागलें नव्हतें, तरी ती चालूच होती. मुलगा जरा डावीकडे वळला म्हणजे ती कमी होई. समोर वळला कीं पुन्हां वाढे. कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील मजकडे आले. गिटारींतील जुने 'पिकअप' काढून त्या जागीं 'हमबकर' जातीचे नवे पिकअप बसविण्यासाठीं मुलगा पैसे मागतो आहे, तोहि साधा नव्हे, तर सत्तर वर्षांपूर्वींच्या गिटारींसारखा आवाज देणारा. ही गरज आहे कीं हौस, असें त्यांनीं विचारलें. मी विज्ञान शिकवितों. गिटार मला वाजवितां येत नाहीं. त्यांच्या प्रश्नाचा शोध घेतां घेतां ज्या गृहस्थांपर्यंत मी पोहोंचलों, त्यांचें चरित्र येथें देत आहें.

सेथ लव्हर यांचा जन्म १ जानेवारी १९१० रोजीं अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील कॅलमझू या शहरीं झाला. याच शहरांत गिब्सन कंपनीचा वाद्यांचा कारखाना होता. लव्हर लहान होते तेव्हां रेडिओ ही नवलाची वस्तु होती, आणि त्या नवलानें त्यांस जें धरिलें तें जन्मभर सोडिलें नाहीं. बिघडलेले रेडिओ दुरुस्त करावे, ध्वनिवर्धक बांधावे, हाच त्यांचा मूळचा धंदा. १९४१ सालीं ते गिब्सनमध्यें कामास लागले. मग महायुद्ध आलें व ते आरमारांत गेले. १९५२ मध्यें ते पुन्हां गिब्सनमध्यें परतले, आणि पुढील पंधरा वर्षें तेथेंच राहिले.

त्यांच्यापुढें जें काम होतें तें समजण्यास पिकअप म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. पोलादी तारेखालीं एक लोहचुंबक, आणि त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचीं हजारों वेढ्यांचें वेटोळें, एवढीच ती वस्तु. वरची तार कंप पावली म्हणजे चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि वेटोळ्यांत त्याच लयीचा क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो मोठा करितो. परंतु वेटोळें आंधळें असतें. भिंतींतील विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, या सर्वांभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र असतें, आणि वेटोळें तेंहि तितक्याच इमानानें टिपतें. गिब्सनच्या गिटारींत त्या वेळीं पी-९० नांवाचे एका वेटोळ्याचे पिकअप असत. आवाज भरदार, पण विजेची गुणगुण त्यांबरोबर आलीच. आमच्या सभागृहांत मुलगा वळतांच गुणगुण कमी झाली, कारण वेटोळें त्या क्षेत्राशीं आडवें झालें. तारांस हात लावल्यानें जी खरखर थांबते ती निराळी. तिचें मूळ बहुधा जमिनीशीं जोडलेल्या तारेंत किंवा आच्छादनांत असतें, आणि पिकअप बदलून ती जाईलच असें नाहीं. पैसे खर्च करण्यापूर्वीं या दोहोंतील भेद घरींच पाहून घ्यावा.

लव्हर यांस उपाय सुचला तो ध्वनिवर्धकाच्या कामांतून. तेथें विजेची गुणगुण घालविण्यास एकमेकांविरुद्ध जोडलेल्या वेटोळ्यांचा चोक वापरीत. मग पिकअपांतच तसें कां करूं नये? त्यांनीं दोन वेटोळीं शेजारीं ठेविलीं आणि तीं उलट दिशांनीं जोडलीं. बाहेरून आलेली गुणगुण दोहोंत सारखीच उठते. जोडणी उलट असल्यामुळें एकींतील दुसरींतून वजा होते. पण मग तारेचा सूरहि वजा होणार नाहीं काय? येथेंच खरी खुबी आहे. दोन्ही वेटोळ्यांखालीं एकच आडवा चुंबक ठेवून त्याचें उत्तर टोंक एका वेटोळ्यास व दक्षिण टोंक दुसऱ्यास दिलें. त्यामुळें सुराचा प्रवाह चुंबकानें एकदां उलटा होतो व जोडणीनें पुन्हां एकदां. दोनदां उलटलेली वस्तु सुलटीच होते, आणि सूर एकमेकांत मिळतो. गुणगुणीस चुंबकाचें टोंक ठाऊक नसतें. ती एकदांच उलटते आणि नाहींशी होते. नववीच्या विद्यार्थ्यांनीं ही आकृति वहींत काढून पाहावी. इंग्रजींत 'हम' म्हणजे गुणगुण, आणि 'बक' म्हणजे घोड्यानें स्वारास झिडकारून द्यावें तसें झिडकारणें. त्यावरून हमबकर हें नांव आलें.

हें तत्त्व त्यांच्यापूर्वींहि कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत या प्रकारचें पेटंट झालेलें होतें. लव्हर यांचें कर्तृत्व असें, कीं त्यांनीं त्याची गिटारींत बसेल, कारखान्यांत निघेल व कानास गोड लागेल अशी वस्तु केली. झांकणासाठीं त्यांनीं प्रथम चुंबकाकडे न ओढलें जाणारें स्टेनलेस पोलाद घेतलें. त्यास डाख लागेना, म्हणून जर्मन सिल्व्हर पत्करलें. त्यांच्या मूळ आराखड्यांत वरचे स्क्रू नव्हते. विक्रीखात्यास मात्र गिऱ्हाइकापुढें बोलण्यास कांहीं तरी हवें होतें, म्हणून एका वेटोळ्यावर प्रत्येक तारेखालीं वरखालीं करतां येणारा स्क्रू आला. आज त्या सहा स्क्रूंवरूनच लोक हमबकर ओळखतात!

पेटंटाचा अर्ज २२ जून १९५५ रोजीं झाला. १९५६ मध्यें हे पिकअप आडव्या स्टील गिटारींत व १९५७ मध्यें लेस पॉल गिटारींत बसूं लागले. पेटंट हातीं यावयाचें होतें, तोंवर प्रत्येकाच्या पाठीवर पेटंटासाठीं अर्ज केला आहे एवढ्याच अर्थाची चिठ्ठी लाविली जाई. इकडे रे बट्स यांनीं स्वतंत्रपणें तसेंच पिकअप ग्रेच कंपनीसाठीं तयार केलें होतें. त्यांचा अर्ज १९५७ चा. तरी त्यांचें पेटंट ३० जून १९५९ रोजीं मंजूर झालें व लव्हर यांचें २८ जुलै रोजीं, म्हणजे महिन्यानें मागाहून. दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक होते, आणि मला तरी यांत कोणाचें उणें दिसत नाहीं.

आतां त्या चिठ्ठीच्या पिकअपांकडे वळूं, कारण आमच्या विद्यार्थ्यास हवा होता तो त्यांचाच आवाज. आराखड्याप्रमाणें प्रत्येक वेटोळ्यास पांच हजार वेढे असावयाचे. पण यंत्र वेळेवर थांबविणें हें कामगाराच्या हातीं व डोळ्याच्या अजमासावर होतें. बॉबिन भरल्यासारखें दिसलें कीं काम झालें. कोठें वेढे कमी, कोठें अधिक. एकाच पिकअपाचीं दोन वेटोळीं एकमेकांशीं जुळत नसत. रोध मोजला तर कोणाचा सुमारें सात हजार ओहम भरे, कोणाचा नऊ हजार. चुंबकहि ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या 'अल्निको' मिश्रणाचे. पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा पांचव्या प्रतीचे, जे हातीं येत ते बसत. वेटोळीं मेणांत बुडविलीं जात नसत. काळें प्लास्टिक संपलें तेव्हां फिकट रंगाचीं बॉबिनें आलीं, आणि झांकणाखालीं तीं कोणास दिसणार म्हणून तशींच लावलीं. लव्हर यांनीं गुणगुण पूर्ण नाहींशी करण्यासाठीं दोन सारखीं वेटोळीं मागितलीं होतीं. वेटोळीं विषम झालीं म्हणजे गुणगुण किंचित् उरते, पण सूरहि किंचित् मोकळा व धारदार होतो. आज जाणकार ज्यासाठीं जीव टाकतात तें बरेंचसें या विषमतेंतून आलेलें आहे. त्या आवाजाचें श्रेय लव्हर यांस किती द्यावें व यंत्रावर बसणाऱ्या अनाम हातांस किती, याचा निवाडा करणें सोपें नाहीं.

त्या वेळीं मात्र कोणास त्यांचें अप्रूप नव्हतें. १९५८ ते १९६० या काळांतील लेस पॉल गिटारी सुमारें दीड हजार खपल्या, आणि कंपनीनें तो घाट बंद केला. पुढें इंग्लंडांत एरिक क्लॅप्टन यांनीं जॉन मेयॉल यांच्या १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेंत अशी गिटार मोठ्या आवाजाच्या ध्वनिवर्धकास जोडून वाजविली, तेव्हां जगाचे कान उघडले. आतां त्या काळचा एक मूळ पिकअप हजारों डॉलरांस जातो. फिकट बॉबिनांचा तर अधिकच महाग, वास्तविक रंगास आवाज नसतो!

म्हणून वडिलांस मीं सांगितलें तें असें. मुलाच्या गिटारींत पिकअपाचें झांकण हमबकराच्या मापाचें, पण आंत वेटोळें एकच होतें. तेव्हां लांकूड कोरावें लागणार नव्हतें. गुणगुण वळण्यानें कमी होते, म्हणजे गरज खरी आहे. परंतु जुना आवाज हवा असेल तर अधिक जोराचा पिकअप घेऊं नये. दुकानांत जो सर्वांत मोठा वाजतो तोच मनांत भरतो, आणि येथेंच बहुतेक जण फसतात. त्याच जाडीची तार असेल तर साडेसात ते साडेआठ हजार ओहम हा बेताचा रोध पाहावा. निराळ्या जाडीच्या तारेचा आंकडा मात्र याशीं ताडून पाहूं नये. दुसऱ्या प्रतीचा अल्निको चुंबक मऊ व गोल सूर देतो; पांचव्या प्रतीचा अधिक ठाशीव व तेजस्वी. मेणांत न बुडविलेला पिकअप जुन्याच्या अधिक जवळ जातो, पण मोठ्या आवाजांत तो शिट्टीसारखा किंचाळूं लागतो. तेव्हां मुलगा कोठें व किती जोरानें वाजविणार हें आधीं ठरवावें. जुन्या काळीं मानेजवळचा व घोडीजवळचा पिकअप एकाच रीतीनें गुंडाळीत. घोडीजवळ तारेचा कंप लहान असतो, म्हणून हल्लींचे कारागीर तेथील वेढे थोडे वाढवितात, व तें शहाणपणाचें आहे. आवाज कमीजास्त करण्याची बटणें पांच लाख ओहमचीं आहेत कीं नाहींत तें पाहावें. अडीच लाखांचीं असतील तर उत्तम पिकअपहि मंद वाजेल. काढलेला पिकअप मात्र फेंकूं नये, तारा लांब ठेवून जपून ठेवावा. मुलानें सुटीभर वाचनालयांत काम करून अर्धी रक्कम उभी केली. उरलेली वडिलांनीं दिली.

लव्हर यांचें पेटंट कंपनीच्या नांवें होतें. ते पगारदार नोकर होते. १९६७ मध्यें फेंडर कंपनीनें अधिक पगार देऊं केला, तेव्हां सत्तावन्न वर्षांच्या वयांत ते कॅलिफोर्नियास गेले. फेंडरला गिब्सनच्या तोडीचा हमबकर हवा होता. लव्हर यांनीं आपल्याच वस्तूची नक्कल करण्याचें टाळलें. फेंडरच्या वादकांस सूर लख्ख लागतो हें ओळखून त्यांनीं तांबें, निकेल व लोखंड यांच्या मिश्रणाचे, आंटे पाडतां येतील असे चुंबक घेतले, म्हणजे स्क्रू हेच चुंबक झाले. हा 'वाइड रेंज' पिकअप १९७२ च्या सुमारास टेलिकास्टर गिटारींत आला. त्या चुंबकांचें उत्पादन बंद पडल्यावर पुढें बरींच वर्षें त्याच झांकणाखालीं साधा आडवा चुंबक घालून पिकअप विकले जात; मूळ मिश्रणाचे पुन्हां निघाले ते २०२० मध्यें.

१९७५ मध्यें लव्हर निवृत्त झाले. त्यांच्या म्हातारपणीं बदली पिकअप बनविणारे सेमूर डंकन त्यांच्याकडे येऊं लागले. प्लास्टिक कोणतें, झांकणाचा पत्रा कोणता, मेण होतें कीं नव्हतें, या बारीकसारीक गोष्टी त्यांनीं लव्हर यांजकडूनच जाणून घेतल्या, आणि तसाच पिकअप काढून त्यास सेथ लव्हर हेंच नांव दिलें. गिब्सनच्या चिठ्ठीवर तें नांव कधींच नव्हतें. पेटंट मंजूर होऊन कांहीं वर्षांनीं चिठ्ठीवर क्रमांक छापूं लागले, तो सुद्धां लव्हर यांच्या पेटंटाचा नसून तारा अडकविण्याच्या पट्टीसाठीं लेस पॉल यांनीं घेतलेल्या पेटंटाचा होता. नक्कल करणारांस चकविण्यासाठीं तसें केलें असें कित्येक म्हणतात. ३१ जानेवारी १९९७ रोजीं, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षीं, सेथ लव्हर यांचें निधन झालें.