शत्रूच्या लेकरांची कैवारीण : एमिली हॉबहाउस

एमिली हॉबहाउस यांचा जन्म १८६० साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील एका खेड्यात झाला. वडील तेथील अँग्लिकन मंडळीचे पाळक होते. आईच्या मरणानंतर एमिलीबाईंनी आजारी वडिलांची अनेक वर्षे सेवा केली. १८९५ मध्ये वडील वारले, तेव्हा त्यांची पस्तिशी जवळ आली होती.

१८९९ साली हेग येथे राष्ट्रांची शांतता परिषद भरली. युद्धकैद्यांना माणुसकीने वागवावे, काहींच्या कृत्याबद्दल साऱ्या रयतेला शिक्षा करू नये, असे नियम तेथे ठरले. ब्रिटननेही ते मान्य केले. परंतु ते सही करणाऱ्या राष्ट्रांपुरतेच बंधनकारक होते, आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या दोन प्रजासत्ताकांना परिषदेचे आमंत्रणच नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनचे त्यांच्याशी युद्ध जुंपले. ब्रिटिश सैन्याने हजारो शेतघरे जाळली आणि बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत ठेवले. पकडलेले पुरुष सेंट हेलेना, सिलोन व हिंदुस्थानात पाठविले. आपल्या अहमदनगरासही बोअर कैदी होते.

मदतनिधी जमवून एमिलीबाई डिसेंबर १९०० मध्ये केपटाऊनला पोहोचल्या. ब्लूमफाँटेनच्या छावणीत दाटीवाटीचे तंबू, अपुरे पाणी व तापाने फणफणलेली मुले त्यांनी पाहिली. साबणासाठीसुद्धा त्यांना अधिकाऱ्यांशी भांडावे लागले. ज्यांचे पुरुष अजून लढत होते, त्या कुटुंबांना आरंभी शिधाही कमी मिळे. बापाच्या लढण्याची शिक्षा लेकराच्या ताटात पडत होती.

जून १९०१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविले. सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे मंडळ चौकशीला पाठविले, पण त्यात एमिलीबाईंना घेतले नाही. त्या मंडळालाही बव्हंशी तेच दोष आढळले. ऑक्टोबरात त्या पुन्हा गेल्या, तेव्हा त्यांना केपटाऊनला उतरू न देता बळाने परत पाठविले. पुढे छावण्यांत सुधारणा होऊन मृत्यू घटले. तोवर सुमारे २८,००० बोअर मरण पावले होते. त्यांत २२,००० वर मुले होती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांत निदान १४,००० दगावले. तेथे एमिलीबाईही गेल्या नाहीत. ते दुःख फार काळ अंधारातच राहिले.

गांधीजींच्या सत्याग्रहाच्या वेळी जनरल स्मट्स यांच्याशी समेट व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीत लाइपझिगच्या उपाशी मुलांना त्यांनी जेवू घातले. १९२६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले; त्यांच्या अस्थी ब्लूमफाँटेनच्या स्मारकात ठेवल्या आहेत.

कायद्यातील पळवाट ब्रिटनला सापडली होती. उपाशी मुलासमोर एमिलीबाईंनी ती पळवाट मानली नाही. शत्रूने नियम मोडले की ओरड करायची आणि आपण मोडले की सबब सांगायची, हा राष्ट्रांचा जुना रोग आहे. आपल्याच घरचे माप खोटे आहे हे सांगणारे माणूस देशाचे वैरी नसते. ते देशाची लाज राखते.