जखमी कामगारांना हमखास भरपाई मिळणार होती, पण खलाशांच्या या नेत्याने ती नाकारली

गोष्ट आहे १९२६-२७ ची. अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक आलं होतं. बंदरात जहाजांवर माल चढवणारा-उतरवणारा कामगार जखमी झाला, तर चूक कुणाची हे न बघता मालकाने त्याला भरपाई द्यायची. कोर्टकचेरी नाही, वकिलाच्या मागे धावणं नाही. चर्चा पुढे सरकली तसा जहाजावरच्या खलाशांनाही यात घ्यायचा प्रस्ताव आला.

कुठल्याही कामगार संघटनेने पेढे वाटावेत अशी ही बातमी. पण खलाशांच्या संघटनेने उलटंच केलं. आपल्याला या कायद्यातून वगळा, असं तिने संसदेला सांगितलं.

या संघटनेचे अध्यक्ष होते अँड्र्यू फुरुसेथ. वय सत्तरीच्या पुढे, शरीर काटकुळं, लग्न केलेलं नाही, घरदार नाही. पगार घ्यायचे तो साध्या खलाशाइतका. अशा माणसाने आपल्याच लोकांची भरपाई का नाकारली? हे समजून घ्यायचं तर त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

१२ मार्च १८५४ ला नॉर्वेतल्या रोमेडाल भागात एका गरीब कुटुंबात अँड्र्यूचा जन्म झाला. घरात खाणारी तोंडं जास्त आणि उत्पन्न कमी. आठव्या वर्षीच त्याला दुसऱ्या शेतकऱ्याकडे कामाला ठेवलं गेलं. अभ्यासात हुशार होता, भाषा पटकन शिकायचा. सोळाव्या वर्षी तो राजधानीच्या शहरात आला, कारकुनी केली. लष्करी शाळेत जायचं स्वप्न होतं, पण तिथे प्रवेश मिळाला नाही. मग १८७३ मध्ये त्याने समुद्राची वाट धरली.

पुढची काही वर्षं वेगवेगळ्या देशांच्या जहाजांवर गेली. त्या काळात खलाशी होणं म्हणजे काय होतं? एकदा करारावर सही केली की प्रवास संपेपर्यंत जहाज सोडता येत नसे. सोडलं तर तो गुन्हा. पोलीस पकडून आणत, तुरुंगात टाकत आणि जहाज निघायच्या वेळी परत त्याच कप्तानाच्या ताब्यात देत. किनाऱ्यावर उतरलं की खानावळवाले आणि दलाल आगाऊ पगारावर टपलेले असत.

१८८० च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. १८८५ मध्ये तिथल्या खलाशांनी संघटना काढली, तेव्हा तो समुद्रावर होता. परत आल्यावर लगेच सभासद झाला आणि दोनच वर्षांत सचिव. १८९१ मध्ये दोन संघटना एकत्र येऊन पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खलाशांची मोठी संघटना तयार झाली. फुरुसेथ कित्येक दशकं तिचे सचिव राहिले.

मग १८९५ मध्ये एक प्रकरण घडलं. ‘अरागो’ नावाच्या जहाजावरच्या चार खलाशांनी ऑरेगन राज्यातल्या अस्टोरिया बंदरात काम सोडलं. त्यांना पकडून तुरुंगात ठेवलं आणि नंतर जबरदस्तीने जहाजावर चढवलं. तिथे त्यांनी काम करायला नकार दिला, म्हणून पुन्हा अटक झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अमेरिकेत गुलामगिरी संपून तीस वर्षं झाली होती. सक्तीची मजुरी चालणार नाही असं राज्यघटनेतच लिहिलं होतं. तरी १८९७ मध्ये कोर्टाने निकाल दिला की ही तरतूद खलाशांना लागू होत नाही. विरोध केला तो एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी.

या निकालाने फुरुसेथ यांचं पुढचं आयुष्य ठरलं. कोर्ट ऐकत नसेल तर कायदाच बदलायचा. ते वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले. छोट्याशा हॉटेलच्या खोलीत राहायचे आणि खासदारांचे उंबरे झिजवायचे. १८९८ मध्ये थोडं यश आलं. मोठं यश यायला आणखी सतरा वर्षं लागली.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि जहाजावर लाइफबोटी किती, त्या चालवणारे हात किती, हा प्रश्न घरोघरी पोहोचला. सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी फुरुसेथ यांचा मसुदा लावून धरला. ४ मार्च १९१५ ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी खलाशी कायद्यावर सही केली. जहाज सोडल्याबद्दल तुरुंग बंद झाला. लाइफबोटी, प्रशिक्षित खलाशी, कामाचे तास, बंदरात अर्धा पगार मागण्याचा हक्क असं बरंच काही त्यात आलं.

पण याच कायद्यात आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट होती. प्रत्येक विभागातल्या किमान ७५ टक्के खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे, अशी अट त्यात होती. कारण सुरक्षेचं दिलं गेलं. खरा रोख होता स्वस्तात मिळणाऱ्या चिनी आणि इतर आशियाई खलाशांवर. फुरुसेथ चिनी कामगारांच्या विरोधात होते आणि ते उघडपणे बोलायचे. त्या काळात ब्रिटिश जहाजांवर हजारो भारतीय ‘लष्कर’ खलाशी राबत होते, त्यात आपल्या कोकण-गोव्याचेही होते. स्वातंत्र्यासाठी भांडणाऱ्या या माणसाच्या स्वातंत्र्यात त्यांना जागा नव्हती. ही बाजू झाकून त्यांचं चरित्र पूर्ण होत नाही.

आता येऊ भरपाईच्या मुद्द्याकडे.

जखमी खलाशाला जुन्या सागरी कायद्याप्रमाणे दोन गोष्टी मिळायच्या: बरा होईपर्यंत राहण्या-खाण्याचा खर्च आणि औषधोपचार, शिवाय प्रवास संपेपर्यंतचा पगार. जहाजच सदोष असेल तर नुकसानभरपाई मागता यायची. पण कप्तानाच्या किंवा सहकाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हात गेला, तर १९०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे त्यासाठी दावा करता येत नव्हता. १९१५ च्या कायद्याने हे बदलायचा प्रयत्न केला, पण तीन वर्षांत कोर्टाने त्यातली हवा काढून टाकली. शेवटी १९२० मध्ये सिनेटर वेस्ली जोन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. रेल्वे कामगारांना १९०८ पासून असलेला हक्क आता खलाशांना मिळाला. मालकाचा हलगर्जीपणा दाखवायचा, ज्युरीसमोर खटला चालवायचा आणि झालेलं सगळं नुकसान मागायचं. रकमेला कमाल मर्यादा नाही.

दुसऱ्या बाजूला गोदी कामगार मात्र अधांतरी लटकले होते. १९१४ मध्ये न्यूयॉर्कला जेन्सन नावाचा कामगार जहाजातून माल उतरवताना दगावला. राज्याच्या कायद्याने त्याच्या बायकामुलांना भरपाई मंजूर झाली. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली. कारण काय, तर अपघात पाण्यावर झाला आणि पाण्यावर केंद्राचा सागरी कायदा चालतो. तोच माणूस धक्क्यावर मेला असता तर घरच्यांना पैसे मिळाले असते. संसदेने दोनदा राज्यांना परवानगी देऊन बघितली, दोन्ही वेळा कोर्टाने ते रद्द केलं. म्हणून १९२७ चा केंद्रीय कायदा करावा लागला.

या कायद्यात एक सौदा होता. कामगाराने चूक सिद्ध करायची गरज नाही, पगाराच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम मिळणार. बदल्यात मालकावर खटला भरायचा हक्क सोडायचा.

फुरुसेथ यांना हाच सौदा खटकला. खलाशी कारखान्यातल्या कामगारासारखा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कारखान्यातला माणूस धोका दिसला तर दाराबाहेर पडू शकतो. भर समुद्रात खलाशाला हुकूम पाळावाच लागतो. अपघाताची किंमत आधीच ठरलेली आणि विम्याने भरलेली असेल, तर मालक दोरखंड, शिड्या आणि जास्तीची माणसं यांवर पैसा कशाला घालेल? पूर्ण भरपाईची भीती असेल तरच जहाज सुरक्षित राहील. शिवाय वीस वर्षं भांडून मिळवलेला हक्क सोडायचा कसा?

संसदेने ऐकलं. कप्तान आणि जहाजावरचे खलाशी यांना कायद्यातून वगळण्यात आलं.

हा निर्णय बरोबर होता का? उत्तर सोपं नाही. ज्याच्याकडे साक्षीदार आहेत, चांगला वकील आहे, त्याला जोन्स कायद्याने बरंच जास्त मिळू शकतं. पण ज्याच्या अपघातात मालकाची चूक दाखवताच येत नाही, त्याच्या हातात उपचार आणि खाण्याराहण्याच्या खर्चापलीकडे फारसं काही येत नाही. त्याच जहाजावर माल चढवणाऱ्याला मात्र चूक न दाखवता आठवड्याची रक्कम सुरू होते. म्हणून अमेरिकेत आजही जखमी माणूस खलाशी की गोदी कामगार, यावर वर्षानुवर्षं खटले चालतात. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक ढोबळ माप मान्य केलं: कामाचा ३० टक्क्यांपेक्षा कमी वेळ जहाजावर जात असेल, तर तो साधारणपणे खलाशी नाही.

फुरुसेथ यांचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. १९३४ च्या मोठ्या संपानंतर तरुण खलाशी नव्या नेत्यांमागे गेले, त्यांची संघटना फुटली. २२ जानेवारी १९३८ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं पार्थिव कामगार खात्याच्या इमारतीत दर्शनासाठी ठेवलं गेलं. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी अटलांटिक महासागराच्या मध्यावर विसर्जित करण्यात आल्या.

त्यांनी नाकारलेला कायदा मात्र पुढे खूप लांब गेला. १९४१ मध्ये संसदेने गोदी कामगारांचीच ती भरपाई परदेशातल्या अमेरिकी लष्करी तळांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना लागू केली. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धात त्या तळांवर स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाई कामगार म्हणून भारतातूनही माणसं गेली. हा कायदा राष्ट्रीयत्व बघत नाही, त्यामुळे त्यांनाही तो लागू होता. अट एवढीच की दुखापत झाली की साधारण ३० दिवसांत मालकाला लेखी कळवायचं आणि वर्षभरात दावा करायचा. अनेकांना असा काही हक्क आहे हेच माहीत नसतं.

आशियाई माणसाला जहाजावर जागा नको म्हणणाऱ्या नेत्याने जो कायदा आपल्या खलाशांसाठी नाकारला, तोच पुढे आशियातल्या जखमी मजुराच्या घरी चूल पेटवायला कामी आला.